जानेवारीत तुमची नाली वाहते का?

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेलो होतो की रस्त्यावरचं पावसाचं पाणी नाल्यात सोडायच्या आधी एखाद्या उथळ, झाडोऱ्याच्या कुंडातून फिरवलं तर बरंच स्वच्छ होतं, इंजिनिअर मंडळी त्याला कन्स्ट्रक्टेड वेटलँड म्हणतात. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी गच्चीतली बाग आणि टाकीची गळती दोन्ही बाजूला ठेवतोय. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नका.

प्रश्न: सर, आमचा नागपूरच्या बेसा भागात ४ एकरचा लेआउट आहे, सगळे रोड सिमेंटचे झाले. पावसाळ्यात सगळं पाणी खालच्या कोपऱ्यात येऊन साचते आणि तिथून मागच्या नाल्यात जाते. तिथे ओपन स्पेसचा एक तुकडा रिकामा आहे. एक कन्सल्टंट म्हणून राहिले की वेटलँड करा, दुसरे म्हणतात सरळ मोठा पाईप टाका. वेटलँड केलं तर जागा किती लागेल, खोली किती, काय काय करावं लागेल? (एक सोसायटी सचिव)

उत्तर: सचिवसाहेब, जागेचं सांगतोच, पण आधी एक काम करा, त्याला पैसा लागत नाही. जानेवारीत एखाद्या सकाळी आठ वाजता त्या कोपऱ्यातल्या नालीवर जाऊन उभे राहा, जमलं तर एक ढापा उचलून बघा. पाऊस जाऊन तीन महिने झालेत आणि तरी नाली वाहतेय, पाणी राखाडी आहे, वर फेस आहे, तर ते पावसाचं पाणी नाही, कोणाचं तरी वॉशिंग मशिन आहे किंवा त्याहून वाईट काही. अशा नालीवर वेटलँड बांधाल तर दोन वर्षांत त्याचं डबकं होईल आणि लोक तुमच्या नावाने बोटं मोडतील. कोणाचं कनेक्शन चुकीच्या नालीत गेलंय ते शोधायला घरोघरी भांडायची गरज नाही, एकेका घराच्या बाथरूममध्ये चिमूटभर रंग टाकून पाणी सोडा आणि खाली चेंबरमध्ये रंग येतो का बघा, रविवारच्या एका सकाळी वीस घरं होतात. ती कनेक्शनं आधी सांडपाण्याच्या लाइनला जोडा, मग पुढचं बोलू.

आता हिशोब. ४ एकर म्हणजे साधारण १६,००० चौरस मीटर. आपल्याला सगळ्या पावसाळ्याचं पाणी साफ करायचं नाहीये, कोणीच करत नाही, तर बहुतेक सरींमधलं पाणी आणि मोठ्या सरीतलं पहिलं पाणी धरायचंय. कारण घाण त्यातच असते. मृगाचा पहिला पाऊस आठवा, उन्हाळाभर रोडवर बसलेली धूळ, टायरचं काळं, गाड्यांचं गळलेलं ऑइल, कुजलेला पाला, सगळं एकदम खाली येतं, पाणी दुधाच्या चहासारखं दिसतं आणि वर तेलाचे इंद्रधनुष्यी रंग. अर्ध्या तासाने तेच पाणी बऱ्यापैकी निवळतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिला २५ मिलिमीटर पाऊस डिझाइनला धरतात. १६,००० चौरस मीटरवर २५ मिमी म्हणजे ४०० घनमीटर, त्यातलं काही मातीत मुरतं, लॉनमध्ये जातं, पक्के रोड आणि छपरं धरून तुमच्याकडे ६५ टक्के वाहून येईल असं मी धरतो. झाले २६० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटरचे २६ टँकर.

जागा एकूण क्षेत्राच्या २ ते ५ टक्के लागते असा ढोबळ ठोकताळा आहे. तुम्ही ४ टक्के धरा, ६४० चौरस मीटर, आपल्या भाषेत ६,९०० चौरस फूट, म्हणजे दीड हजार फुटांचे साडेचार प्लॉट. हे ऐकून मीटिंगमध्ये एक-दोघं उठून जातील, जाऊ द्या. ६४० वर ४० सेंटिमीटर पाणी चढलं की २५६ घनमीटर होतात, हिशोब जमला. हे ४० सेंटिमीटर म्हणजे नेहमीच्या पाण्याच्या वर, सर आली की चढणारं आणि नंतर हळूहळू उतरणारं. खाली नेहमीचं पाणी १५ ते ३० सेंटिमीटर, बस, गुडघ्याच्या खाली. तळं खोल पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, पण खोल पाण्यात ही झाडं उभी राहत नाहीत, आणि झाडं नसली तर वेटलँड कशाचं.

आकार लांबट ठेवा, रुंदीच्या किमान तिप्पट लांबी, तुमच्याकडे ४४ बाय साडेचौदा मीटर बसेल. पाणी फार आळशी असतं, येण्याच्या तोंडापासून जाण्याच्या तोंडापर्यंत सगळ्यात सोपी वाट शोधतं आणि बाकीचा कुंड नुसता बघत राहतो. म्हणून झाडांचे पट्टे प्रवाहाला आडवे लावायचे, शेतात उताराला आडवी नांगरणी करतात तसंच, म्हणजे पाण्याला प्रत्येक पट्ट्यातून गाळूनच जावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीचं गाळकुंड. पाणी आत आलं की पहिल्यांदा एका वेगळ्या खोलगट खड्ड्यात थांबलं पाहिजे, एकूण पाण्याच्या दहा टक्के, तुमच्यासाठी ५ बाय ५ मीटर आणि मीटरभर खोल. याचं कारण समजून घ्या. बारीक रेतीचा कण फूटभर पाण्यातून पाऊण मिनिटात तळाला जातो, पण आपल्या काळ्या मातीतला चिकणमातीचा कण, जो ०.००२ मिलिमीटरचा असतो किंवा त्याहून लहान, त्याला तेवढंच अंतर जायला शांत पाण्यात जवळपास अख्खा दिवस लागतो. म्हणजे रेती आणि कचरा गाळकुंडातच बसतो, पण गढूळपणा जायला पाणी दोन दिवस रेंगाळावं लागतं. फॉस्फरस आणि जड धातू बरेचसे याच बारीक कणांना चिकटून येतात, त्यामुळे माती बसली की तेही बसतात. नायट्रोजनचं काम वेगळं आहे, ते झाडं नाही तर मुळांवरचे आणि चिखलातले जिवाणू करतात, हवा आहे तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं आणि खालच्या बिनहवेच्या चिखलात त्याच नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. झाडं स्वतः खातात ते थोडंच, पण त्यांच्या खोडांवर जो बुळबुळीत थर चढतो ना, खरी फॅक्टरी ती.

दोन दिवस रेंगाळायचं तर बाहेर जाण्याचं भोक लहान पाहिजे. मी तुमच्यासाठी आकडेमोड केली, ५० मिलिमीटरचं भोक, म्हणजे दोन इंची पाईप, ४० सेंटिमीटर चढलेलं पाणी ४३ तासांत उतरवतो. चार एकराचं पाणी दोन इंची पाईपातून, विश्वास बसत नाही ना? पण हेच भोक तुमच्या जिवाला घोर लावणार. एका कुंडाचं तोंड मी स्वतः हात घालून मोकळं केलंय, आत काय निघालं माहीत आहे? खर्ऱ्याच्या पन्न्या. एकात एक अडकलेल्या मूठभर, रबरासकट. त्यामुळे पाईपाचं तोंड उघडं ठेवायचं नाही, एल्बो लावून पाण्याच्या पातळीच्या खाली वळवायचं, म्हणजे तरंगता कचरा आणि ऑइलचा तवंग वरच राहतो, आणि भोवती जाळीचा पिंजरा.

आणि सांडवा विसरू नका. तासाला ६० मिमीची सर आली तर तुमच्या लेआउटमधून सेकंदाला पावणेदोनशे लिटर पाणी येईल, ते सगळं झाडांमधून घुसवलं तर बसलेला गाळ, झाडं, सगळं उपटून नाल्यात जाईल. म्हणून गाळकुंडाच्या आधीच बाजूने मोठी नाली ठेवायची, कुंड भरला की पुढचं पाणी बाहेरच्या बाहेर. म्हणजे तुमचे दुसरे कन्सल्टंट मोठा पाईप म्हणतात तेही चुकीचे नाहीत, तो पाईपही लागतोच, फक्त त्याच्या आधी हे पाहिजे.

एक माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॅम्पससाठी असाच कुंड काढून दिला होता, ड्रॉइंग मस्त, कर्दळ मस्त, उद्घाटनाला फोटो मस्त. तीन पावसाळ्यांनी गेलो तर गाळकुंड काठोकाठ भरलेलं आणि त्यात गवत. माळीबुवा म्हणाले, "साहेब, जेसीबी उतरवायचा कुठून?" मी चारही बाजूंनी दगडी पिचिंग करून ठेवलेलं, उतरायला रॅम्पच दिला नव्हता. तेव्हापासून मी आधी रॅम्प काढतो आणि मग बाकीचं ड्रॉइंग. तळाला काँक्रीटचा थर द्या म्हणजे जेसीबीवाल्याला कुठे थांबायचं ते कळतं, आणि मधोमध एक लोखंडी सळई रोवून तिच्यावर अर्ध्या खोलीला लाल रंगाचा पट्टा मारा. गाळ पट्ट्याला लागला की काढायचा. मेमध्ये काढलेला बरा, सुकलेला असतो.

प्रश्न: आमच्या इथे आधीच डेंग्यूने हैराण आहे आणि तुम्ही पाणी साचवायला सांगून राहिले? (मनीषनगर)

उत्तर: ताई, राग बरोबर आहे. पण डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः घराजवळच्या लहान साठ्यात वाढतो, कूलरची टाकी, टायर, कुंडीखालची ताटली. सप्टेंबर उजाडला तरी ज्यांच्या खिडकीला कूलर पाण्यासकट लटकलेला असतो ना, आधी त्यांच्याकडे बघा. वेटलँडमध्ये भीती क्युलेक्सची, तो घाण आणि शांत पाण्यात होतो, म्हणून तर मी वर सांडपाण्याचं एवढं ओरडून सांगितलं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, चढलेलं पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं, त्यामुळे काठावरच्या डबक्यांची भीती नाही, फक्त काठ समतल करून घ्या, खड्डे नकोत. खाली जे नेहमीचं पाणी राहतं त्यात गप्पी मासे सोडा, मलेरिया विभागवाले स्वतः वापरतात. माशांना लपायला एक जागा मीटर-सव्वा मीटर खोल ठेवा, बाहेरच्या तोंडाजवळ. चतुर आपोआप येतात, पोट्टे ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तेच, त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात.

प्रश्न: नागपूरचा उन्हाळा बघता ही झाडं मे महिन्यात जगतील का? कोणती लावावी? आमच्याकडे जमीन काळी आहे, खाली मुरूम लागतो, प्लास्टिक टाकावं लागेल का? (हिंगणा रोड)

उत्तर: हा खरा नागपूरचा प्रश्न. डिझाइनची पुस्तकं बहुतेक अशा देशांची जिथे बारा महिने थोडा थोडा पाऊस पडतो. आपल्याकडे वर्षाचा जवळपास हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उरकतो, त्यानंतर आठ महिने ठणठणाट आणि मेमध्ये ४५ डिग्री. कुंड तेव्हा कोरडा पडणार, पडू द्या. टँकर लावून वेटलँड हिरवं ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात, त्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

झाडं अशी निवडा की वरून वाळली तरी खालचा गड्डा जिवंत राहतो. पाणकणीस, ते तपकिरी कणसासारखं येतं ते, गड्ड्यातून पुन्हा फुटतं, पण फार पसरतं, सगळा कुंड खाऊन टाकतं, म्हणून एकाच पट्ट्यात. लव्हाळा आणि नागरमोथा लावायचीही गरज नाही, येतातच. कर्दळ दिसायला छान आणि काठाकडे बरी. माझा आवडता मात्र वाळा, कूलरच्या आणि खिडक्यांच्या ताट्यांत घालतो तोच. मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, काही दिवस पाण्यात उभा राहतो आणि मेमध्येही दम सोडत नाही, पाळीच्या उतारावर लावला तर माती धरून ठेवतो. बेशरम मात्र लावू नका, नाल्यानाल्यात फुकट मिळतं म्हणून लोक आणून खोचतात आणि मग काढता काढता कंबर मोडते.

पाणकणीस फेब्रुवारी-मार्चमध्ये कापून उचला. दोन कारणं, एक म्हणजे तसंच सडलं तर त्यात साठलेलं खत परत पाण्यात उतरतं, आणि दुसरं, एप्रिलमध्ये ते बारुदासारखं वाळतं, कोणी बिडी टाकली की अर्ध्या तासात राख. हे मी पाहिलंय.

काळी माती असेल तर प्लास्टिकची गरज नाही. १५ सेंटिमीटरचे दोन थर, पाणी मारून रोलरने दाबून घ्या, ३० सेंटिमीटरची मातीच मुरमातून होणारी गळती बरीच थांबवते. फक्त ती उघडी ठेवायची नाही, मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तुम्हाला सांगायला नको. तिच्यावर वीसेक सेंटिमीटर साधी बागेची माती पसरा, झाडांची मुळं त्यात राहतात आणि खालचा ओलावाही टिकतो. तरी भेगा पडल्याच तर पहिल्या दोन-तीन पावसांत माती फुगून बऱ्याचशा मिटतात. भंडारा-गोंदियाकडे बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव असेच मातीच्या पाळीवर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत.

प्रश्न: जलपर्णी पाणी शुद्ध करते असं वाचलं. फुकटात मिळते, टाकू का?

उत्तर: नका टाकू. शोषते हे खरं, पण दर पंधरवड्याला उपसावी लागते, आणि उपसणार कोण? अंबाझरीत ती काढायला काय काय मशिनरी लागते ते काठावर जाऊन बघा.

प्रश्न: मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं सांडपाणी शुद्ध करायचं फायटोरिड तंत्र आणि हे सारखंच का? प्रोजेक्टला कोणतं घेऊ?

उत्तर: नातेवाईक आहेत, सारखे नाहीत. मूळ कल्पना जर्मनीतली, १९५० च्या दशकात केटे झायडेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर पाणी शुद्ध करायचे प्रयोग केले, तिथून ही सगळी वंशावळ. फायटोरिड आपल्या वर्धा रोडवरच्या नीरीचं, त्यात सांडपाणी गिट्टीच्या थरातून, पृष्ठभागाच्या खालून जातं, वर झाडं, पाणी दिसत नाही, त्यामुळे वास आणि डास कमी. पण सांडपाणी रोज ठरावीक येतं. पावसाचं पाणी आठ महिने शून्य आणि मग एका तासात २६ टँकर, तेही मातीने भरलेलं. ते गिट्टीतून घातलं तर गाळाने छिद्रं बुजतात आणि गिट्टी उपसून धुवावी लागते. म्हणून पावसासाठी उघडं, उथळ, आधी गाळकुंड असलेलं बरं. प्रोजेक्टला मी असतो तर एक साधी गोष्ट केली असती, कॉलेजच्या गेटजवळच्या नालीतून पावसाच्या पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी एक बाटली भरायची आणि रांगेत मांडून फोटो काढायचा, नंतर प्रत्येकीतला गाळ मोजायचा. त्या एका रांगेतून पहिल्या पाण्याचं जे कळतं ते दहा पानी इंट्रोडक्शनमधून कळत नाही. छत्री न्या.

प्रश्न: २३ सप्टेंबर २०२३ ला आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, फ्रिज तरंगत होता. तुमच्या या फुलझाडांच्या कुंडांनी पूर थांबणार आहे का? उगाच लोकांना भुलवू नका. (डागा लेआउट)

उत्तर: नाही थांबणार. सरळ सांगतो. त्या पहाटे चार तासांत १०० मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. वरच्या चार एकराच्या लेआउटचंच धरा, १०० मिमीला हजार घनमीटरच्या वर पाणी होतं, आपला कुंड अडीचशेचा. तो पहिल्या तासातच भरला असता आणि बाकी सगळं सांडव्यावरून. पुराचा प्रश्न नदीच्या रुंदीचा, पुलांच्या मोऱ्यांचा, पात्रात काय काय बांधलंय त्याचा, आणि १८७० सालच्या तलावाच्या सांडव्यासमोर पाण्याला वाट आहे की नाही याचा आहे. त्याचं उत्तर कोणी कर्दळ लावून देत असेल तर त्याला दारात उभं करू नका.

हा कुंड रोजच्या पावसासाठी आहे, वर्षातल्या त्या चाळीस-पन्नास साध्या दिवसांसाठी, ज्यांची बातमी होत नाही. त्या दिवशी तुमच्या-आमच्या रोडवरचं ऑइल आणि माती नाग नदीत, तिथून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या पाण्यात जाते. तुमचं नुकसान झालंय, त्याबद्दल वाईट वाटतं, पण दोन वेगळ्या दुखण्यांना एकच गोळी मी देणार नाही.

प्रश्न: कुंडातून बाहेर पडलेलं स्वच्छ पाणी आमच्या बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं तर? बोअर रिचार्ज होईल आणि खर्च वसूल. (बेलतरोडी)

उत्तर: मोह होतो, पण नको. दिसायला नितळ झालं म्हणजे पिण्यालायक झालं असं नाही, विरघळलेलं नायट्रेट, थोडं तेल आणि जिवाणू त्यात राहतातच, आणि बोअर म्हणजे सरळ खडकाच्या भेगांपर्यंत गेलेली नळी, मध्ये गाळायला माती नाही. एकदा खाली गेलं की शेजारच्या चार घरांच्या बोअरमध्ये पोचतं आणि परत काढता येत नाही. बोअरला छपराचं पाणी द्या, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं बाहेर सोडून, मध्ये गिट्टी-रेतीचा फिल्टर ठेवून. रोडचं पाणी कुंडात, छपराचं बोअरला, पाईप वेगळे आणि पाईपांचे रंगही वेगळे, नाहीतर पुढचा प्लंबर येऊन दोन्ही जोडून जातो.